मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक

एसटीच्या जुन्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या केबिनजवळ एक वाक्य रंगवलेले असे. 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक'. लाल डब्यातून ज्यांनी सुट्टीचे प्रवास केले, त्यांच्या डोळ्यांसमोर ती अक्षरे अजून असतील. तिकिटाचे पैसे सुट्टे द्या, हात बाहेर काढू नका, अशा सूचनांच्या शेजारीच ते वाक्य असायचे. त्यामुळे आपण ते वाचले आणि विसरलो. पण मोटार चालवण्याच्या कलेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो, की वाटते, जगभरच्या शहाण्या लोकांनी जाडजूड पुस्तके लिहून जे सांगितले, ते आपल्या एसटीने चार शब्दांत सांगून ठेवले होते. आज त्या चार शब्दांविषयी बोलायचे आहे.

मोटारीने माणूस मरू शकतो, हे जगाला पहिल्यांदा नीट कळले ते १८९६ साली. लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई रस्त्याने चालली होती. समोरून मोटार आली. मोटारीचा वेग किती, तर आपल्या भरभर चालण्याइतका. तरीही बाई गोंधळली, चालकही गोंधळला आणि ती दगावली. त्या वेळी अनेकांना वाटले, हा एक विचित्र योगायोग आहे, असे पुन्हा घडू नये. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. एखादे विमान रोज कोसळले असते, तर आपण गप्प बसलो असतो का?

मुंबईत मोटारी आल्या १८९८ च्या सुमारास. सुरुवातीच्या मालकांमध्ये जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. त्या काळात मोटार म्हणजे श्रीमंती आणि ती चालवणारा म्हणजे 'शोफर'. त्याला गाडी खोलून पुन्हा जोडता यायची. रस्त्यावर घोडागाड्या, बैलगाड्या, १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम. सर्वांचा वेग जवळपास सारखाच. १९१४ साली इंग्रज सरकारने मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा केला आणि परवाना आला. १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था उभी राहिली. त्यानंतर १९३९ चा कायदा आला, मग १९८८ चा, आणि त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती होऊन दंड वाढले. कायद्याची पाने वाढत गेली. पण एका प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिले नाही. तो प्रश्न असा, की परवाना मिळाल्यानंतर माणूस गाडी चालवायला शिकतो कुठे?

मी नवी मुंबईत १९८२ साली राहायला आलो. तेव्हा हे शहर कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. त्याआधी मुंबईहून पनवेल-पुण्याला जायचे, तर ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा असे. पूल झाला आणि वाशी हे मुंबईचे दार झाले. आम्ही त्या वेळी बससाठी तासन् तास थांबायचो. मोटार असलेला शेजारी म्हणजे साऱ्या इमारतीचा नातेवाईक. रात्री कोणाचे दुखले-खुपले, तर त्याचीच कडी वाजायची.

त्या काळात इथे रस्ते होते आणि वाहने नव्हती. मग एकेक गोष्ट येत गेली. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरचे ट्रेलर आले. १९९२ मध्ये रेल्वे वाशीला पोचली, महापालिका सुरू झाली. १९९७ मध्ये दुसरा खाडीपूल, १९९९ मध्ये ऐरोलीचा पूल. २००२ पर्यंत कळंबोलीपासून पुण्याच्या दारात जाणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू, २०२५ मध्ये विमानतळ. चाळीस-पन्नास वर्षांत एका खाडीकाठच्या मुलखात बैलगाडीपासून ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा प्रवास झाला. इंग्लंडला यासाठी शतक लागले. आम्ही एका पिढीत उरकले.

पण या सगळ्यात ड्रायव्हरचे काय झाले? आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवसांत गाडी शिकली. मी शिकलो तिथल्या शिक्षकांनी क्लच हळू सोडायला शिकवले, गिअर बदलायला शिकवले, चढावर गाडी मागे न जाऊ देता उठवायला शिकवले. आरटीओत 'एच' काढून दाखवला की झाले. दुचाकीवाल्याने 'आठ' काढला की झाले. समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे, थांबलेल्या बसच्या पुढून कोण येऊ शकते, पावसात काँक्रीटवर टायरची पकड का सुटते, यातले काहीही मला कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही. बाकीचे ज्ञान त्या प्रसिद्ध विनोदात होते. आपल्याकडे गाडी चालवायला तीन गोष्टी लागतात, चांगला हॉर्न, चांगले ब्रेक आणि चांगले नशीब.

इंग्लंडमध्येही एके काळी हीच स्थिती होती, हे आपल्याला सहसा माहीत नसते. १९३४ साली त्या देशात रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली. आज गाड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढूनही तिथे वर्षाला सुमारे सतराशे मृत्यू होतात. मधल्या काळात काय घडले? वस्तीत ताशी ३० मैलांची वेगमर्यादा आली, १९३५ मध्ये वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली, रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, पट्टे आले, दवाखाने सुधारले. आणि या सगळ्याबरोबर आणखी एक छोटी गोष्ट घडली. लंडनच्या पोलिसांनी आपल्याच ड्रायव्हरांकडे टीकेच्या नजरेने पाहिले. चोरांचा पाठलाग करताना पोलिसांच्या गाड्या फार आपटत होत्या. म्हणून १९३० च्या दशकाच्या मध्याला हेन्डन येथे पोलिसांची ड्रायव्हिंग शाळा निघाली. शर्यतीच्या मोटारींचा अनुभव असलेले लॉर्ड कॉटनहॅम तिथे सल्लागार म्हणून आले. त्यांनी एक पद्धत बसवून दिली.

ती पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. वळण असो, चौक असो, उभी बस असो, रस्त्यावर पुढे काहीही आले की पाच गोष्टी ठरावीक क्रमाने करायच्या. आधी माहिती घ्यायची, म्हणजे पुढे, मागे, बाजूला काय आहे ते पाहायचे. मग रस्त्यावरची आपली जागा ठरवायची. मग वेग कमी करायचा. मग त्या वेगाला योग्य तो गिअर टाकायचा. आणि सगळ्यात शेवटी, वाट मोकळी दिसली तर, ॲक्सिलरेटर द्यायचा. आपण नेमके उलट करतो. आधी पाय दाबतो आणि माहिती शेवटी घेतो, बहुतेक वेळा ब्रेकचा आवाज ऐकून. हेन्डनच्या या शिकवणीचे पुस्तक १९५५ मध्ये 'रोडक्राफ्ट' या नावाने सामान्य लोकांसाठी निघाले आणि १९५६ मध्ये तिथे प्रगत वाहनचालकांची संस्था स्थापन झाली. तिची परीक्षा सक्तीची नाही. ज्याला आपण आणखी चांगले चालवावे असे वाटते, तो स्वतःहून ती देतो. परवाना म्हणजे शिक्षणाचा शेवट नसून सुरुवात आहे, हा विचार त्यामागे आहे.

या शिकवणीत एक गमतीचा प्रकार आहे. शिकणाऱ्याने गाडी चालवताना जे दिसते ते मोठ्याने बोलत राहायचे. रस्त्याचे धावते वर्णन, क्रिकेटच्या समालोचनासारखे. पुढे शाळा आहे, मुले सुटायची वेळ आहे, डावीकडे रिक्षा थांबली आहे, तिच्यातून कोणी उतरेल. बोलायला दिसले पाहिजे आणि दिसायला पाहिले पाहिजे. तोंड चालू ठेवले की डोळे आपोआप कामाला लागतात.

हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी प्रत्यक्ष ऐकले होते. आमच्या सेक्टरमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. मूळचे सातारा भागातले. सगळे त्यांना मामा म्हणतात. एकदा मी त्यांच्या शेजारी बसून पनवेलला निघालो होतो. नेरूळच्या पुढे एक बस थांब्यावर उभी होती. मामांनी लांबूनच पाय उचलला.

मी म्हटले, "मामा, रस्ता तर मोकळा आहे."

ते म्हणाले, "रस्ता मोकळा हाय, पण बसच्या खाली बघा. पलीकडं दोन पाय दिसत्यात. त्ये पाय आता पळणार."

आणि खरोखर, एक शाळकरी मुलगा बसच्या पुढून धावत रस्त्यावर आला. मामांची गाडी तोवर इतकी हळू झाली होती, की ब्रेक लावावाच लागला नाही. मुलगा गेला. मामा काही बोलले नाहीत. मी मात्र विचार करत राहिलो. त्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळी काहीही घडले नाही. त्याची आई त्याला अभ्यासावरून रागावली असेल, एवढेच. चांगल्या ड्रायव्हिंगची हीच पंचाईत आहे. तिचे यश म्हणजे न घडलेली गोष्ट. ती वर्तमानपत्रात येत नाही.

मामांनी हेन्डनचे नाव कधी ऐकलेले नाही. पण १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून घाटवाटांवर, कच्च्या रस्त्यांवर, साठ-सत्तर जिवांना घेऊन गाड्या हाकणाऱ्या माणसांनी एक शहाणपण जमा केले आहे. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे नाही. घाटात बंद पडलेल्या गाडीच्या चाकाखाली आधी दगड, मग बाकीचे. वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा एसटीत गौरव होतो. आपल्या सोसायटीत गाडी किती लाखांची, याची चर्चा होते. कोणी किती वर्षे विनाअपघात चालवली, याची होत नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर बोरघाटाकडे पाहू. १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता झाला. त्याच काळातला, पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेलेला पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. म्हणजे बैलगाडीपासून कंटेनरपर्यंत सारे त्याने पाहिले. आज तिथून खाली खोपोलीकडे उतरताना अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अपघात होतात. कारण जुनेच आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर इंजिनाचा आधारही सुटतो. मामांच्या पिढीचा नियम पाळला असता, तर यातले कितीतरी अपघात टळले असते.

द्रुतगती मार्गाने मराठी मनाला काही जखमा दिल्या आहेत. 'ती फुलराणी'मुळे घराघरांत पोचलेल्या भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईच्या कार्यक्रमाहून परतताना याच मार्गावर गेल्या. २३ डिसेंबर २०१२ रोजी आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते याच मार्गावर गेले. पेंडसे यांचा लहानगा मुलगाही त्यात गेला. दुभाजक ओलांडून समोरच्या बाजूचा टेम्पो त्यांच्या गाडीवर आला होता. त्यांच्याकडून काही चुकले नव्हते. म्हणून मी एक गोष्ट स्पष्ट सांगू इच्छितो. तुम्ही कितीही उत्तम चालवा, समोरून येणारे संकट प्रत्येक वेळी टाळता येत नाही. सगळा भार ड्रायव्हरच्या डोक्यावर टाकून रस्ते बांधणाऱ्यांना आणि नियम राबवणाऱ्यांना मोकळे सोडता येणार नाही.

याचा पुरावाही याच मार्गावर मिळाला. २०१६ मध्ये इथे १५१ माणसे मेली. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र यांनी मिळून 'शून्य मृत्यू मार्ग' असा उपक्रम हाती घेतला. प्रत्येक अपघाताची जागा तपासली. कडेचे उघडे खांब आणि कठडे झाकले, दुभाजकावर तारांचे दोर आले, कडेला थांबणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवले, जखमींना लवकर मदत मिळावी अशी व्यवस्था केली. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. रस्ता तोच, माणसे तीच. एकाच उपायाने हे झाले नाही, अनेक उपाय एकत्र आल्यावर झाले.

मग प्रगत ड्रायव्हिंगचा उपयोग नेमका किती? इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. परवाना मिळाल्यानंतरच्या प्रशिक्षणवर्गांवर जगभर झालेले अभ्यास संशोधकांनी एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या वर्गांनी अपघात घटतात असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. नॉर्वेमध्ये तर वेगळाच अनुभव आला. घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवलेल्या तरुणांचे अपघात वाढले. कारण त्यांना कौशल्य थोडे आले आणि आत्मविश्वास फार आला. आपल्याला सावरता येते, मग हळू कशाला जायचे?

मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. 'प्रगत' या शब्दाने आपली फसगत होते. प्रगत म्हणजे वेगात वळण घेणे, प्रगत म्हणजे दोन ट्रकांच्या मधून अलगद निघणे, असे तरुणांना वाटते. हेन्डनची शिकवण आणि मामांचे पाय पाहणे याच्या अगदी उलट आहे. उत्तम चालकाला कसब दाखवण्याची वेळच येत नाही, कारण त्याने ती वेळ आधीच टाळलेली असते. 'मनाचा ब्रेक' तो हाच. पायाचा ब्रेक संकट आल्यावर लागतो, मनाचा त्याआधी.

याचे थोडे गणित पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २१ मीटर गेले. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी १४ मीटर. एकूण ३५. आता वेग १०० करा. पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ४२ मीटर आणि थांबायला आणखी ५६. एकूण ९८ मीटर. वेग दुप्पट झाला, पण नुसते ब्रेकचे अंतर चौपट झाले. पावसात हे आणखी वाढते. आणि यातून मिळते काय? पाम बीच मार्ग साधारण दहा किलोमीटरचा. ताशी ६० ने दहा मिनिटे लागतात, ९० ने सहा मिनिटे चाळीस सेकंद. म्हणजे वाचली तीन मिनिटे वीस सेकंद, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.

त्या तीन मिनिटांची किंमत कोण देते, तेही पाहू. पाम बीच मार्ग खाडी आणि जुनी गावे यांच्या मधून जातो. सारसोळे, करावे इथले कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या खाडीवर जात आले आहेत. रस्ता त्यांच्या वाटेत नंतर आला. तिकडे उरण-पनवेल पट्ट्यात गावाच्या दारातून कंटेनर धावतात आणि दुचाकीवर शाळेत, कारखान्यात जाणाऱ्यांना त्यांच्या शेजारून जावे लागते. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. आपण चारचाकीच्या काचा वर करून बसलो, की समोरचा माणूस अडथळा वाटू लागतो. तो रस्त्याचा आपल्याइतकाच मालक आहे, हे ध्यानात ठेवणे हा प्रगत ड्रायव्हिंगचा पहिला धडा.

आता थोडे रोजच्या काळजीचे. मोटारवाल्यांच्या गप्पा पेट्रोलचा भाव, खड्डे, पार्किंग आणि विमा यांभोवती फिरतात. त्या काळज्या खऱ्या आहेत. पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावरच्या खड्ड्यांनी कोणाची कंबर आणि कोणाचे शॉकअप गेले नाहीत? पण गंमत अशी, की अंतर ठेवून, लांबवर पाहून, ब्रेक कमी लावत चालवणाऱ्याचे पेट्रोल कमी जळते, टायर जास्त टिकतात, ब्रेक पॅड उशिरा बदलावे लागतात आणि खड्डा आधी दिसतो. पुढच्या ट्रकच्या शेपटीला चिकटून जाणाऱ्याला खड्डा दिसतो, तेव्हा चाक त्यात असते.

म्हणून काही गोष्टी सवयीच्या करता येतील. टायरची हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासावी, लांबच्या प्रवासाआधी तर नक्कीच. हवा कमी असलेला टायर काँक्रीटवर वेगात तापतो आणि फुटतो. झिजलेला टायर आणखी एक पावसाळा काढेल, अशी आशा करू नये. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणावे. ते संपण्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. पावसात चारपर्यंत मोजावे. मधे अंतर सोडले की दुसरा कोणीतरी त्यात घुसतो, अशी तक्रार सगळे करतात. घुसू द्यावे आणि पुन्हा अंतर सोडावे. दिवसभरात दहा जण घुसले, तरी घरी पोचायला एखादे मिनिट उशीर होईल.

रात्री समोरून गाडी येताना अप्परचा डिपर करावा. उलट बाजूने, मग तो सर्व्हिस रोड का असेना, जाऊ नये. पुढचा यू टर्न लांब आहे, ही सबब अपघातानंतर कोणालाही पटत नाही. आणि पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावावा. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी वस्तू मोटारीत दुसरी नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावर बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. गाडी अत्यंत सुरक्षित होती. तरी मागच्यांना पट्टा लागत नाही, ही आपली समजूत अजून गेलेली नाही.

आणखी एक. अपघात दिसला तर थांबा. पूर्वी लोक पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कटकटीला भिऊन पुढे जात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगायची सक्ती नाही. तुमचा फोन आणि तुमची पाच मिनिटे कोणाचे तरी प्राण वाचवू शकतात.

आपल्या परंपरेत सारथ्याला फार मोठे स्थान आहे. कुरुक्षेत्रावर जो सर्वांत शहाणा होता, त्याने शस्त्र न धरता लगाम धरला. परवान्यांच्या सरकारी संगणकीय प्रणालीला 'सारथी' हे नाव ज्याने सुचवले, त्याच्या मनात हेच असावे. पण नाव दिल्याने गुण येत नाहीत. आपल्याकडे परवान्याची परीक्षा अजूनही मुख्यतः गाडी हलवता येते का, एवढेच पाहते. एसटी, बेस्ट, एनएमएमटी यांच्याकडे अनुभवी चालकांची केवढी मोठी पुंजी आहे. निवृत्तीनंतर ती माणसे घरी बसतात. त्यांना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, महाविद्यालयांत, सोसायट्यांत बोलावता येणार नाही का? रविवारी सकाळी दोन तास, चार जणांनी एका गाडीत बसायचे आणि शेजारी एखादे मामा. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, भाषणे होतात. त्यापेक्षा हा खर्च कमी आणि उपयोग जास्त.

माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी हे सुरू केले आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला परवाना मिळाला, की लगेच किल्ली द्यायची नाही. आधी महिनाभर त्याने शेजारी बसून रस्त्याचे समालोचन करायचे. मग त्याने चालवायचे आणि समालोचनही करायचे. पहिले चार दिवस पोरे हसतात. पाचव्या दिवशी ती आपल्या वडिलांना सांगू लागतात, "बाबा, त्या बसच्या खाली बघा, पाय दिसतायत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)